मुशीत न गेलेली कॅसेट

दिवाळीत आजोळी गेलो होतो, विट्याजवळ. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत माझी जुनी कॅसेट सापडली. गाण्यांची नव्हे, व्हिडिओ गेमची. पिवळी, तळहाताएवढी, स्टिकरचा एक कोपरा झुरळांनी खाल्लेला. मामांनी ती हातात घेतली, उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि खालच्या फटीतल्या सोनेरी पट्ट्या उजेडाकडे धरल्या. सगळा जन्म सोनं गाळण्यात गेलेली नजर ती. म्हणाले, "मुलामा हाय नुसता. गुंजभर बी निघायचं नाय ह्यात. उलट तेजाबच जास्त जाईल."

मामा गलाईवाले. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्याकडचे माण-खटाव हा सगळा पट्टा पावसाला पारखा. शेतीवर भागेना म्हणून इथली माणसं पिढ्यानपिढ्या बाहेर पडली आणि सोन्या-चांदीच्या गलाईत शिरली. आज भारतातल्या जवळपास कुठल्याही मोठ्या सराफ पेठेत मागच्या बोळात एखादी भट्टी असते आणि तिच्यासमोर बसलेला माणूस विट्याकडची मराठी बोलतो. जुना दागिना येतो, मुशीत जातो, टंच काढला जातो, लगड बाहेर पडते. त्या दागिन्यावर कुणाच्या आजीचं नाव होतं, कुणाच्या लग्नात तो घडवला, हे मुशीला कळत नाही. शिल्लक राहतं ते वजन आणि कस. वस्तूची किंमत ठरवण्याचा हा जगातला सर्वांत निर्दय आणि सर्वांत प्रामाणिक मार्ग असावा, असं मला लहानपणापासून वाटत आलंय.

म्हणून मामांना मी दुसऱ्या टोकाची गोष्ट सांगितली. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात 'सुपर मारिओ ६४' या गेमची एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मूळ 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची एक प्रत ६ लाख ६० हजार डॉलरला विकली गेली होती. ती कुणीतरी १९८६ च्या नाताळात भेट द्यायला म्हणून घेतली, टेबलाच्या खणात ठेवली आणि विसरून गेला. पस्तीस वर्षं ती खणातच. दोन्ही प्रती सीलबंद, कारखान्यातलं प्लॅस्टिक न फाडलेल्या.

मामा बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "एकदाबी खेळलं नाय त्यावर कुणी?"

"नाही."

"मग इकत काय घेतलं त्यानं?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. पण त्या पिवळ्या डबीची वंशावळ शोधायला तिथून सुरुवात झाली.

मूळ पुरुष जपानचा. १५ जुलै १९८३ ला निन्टेंडोने 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचं लाल-पांढरं यंत्र १४,८०० येनला बाजारात आणलं. जपानी लोक त्याला लाडाने 'फॅमिकॉम' म्हणत. मासायुकी उएमुरा या अभियंत्याने ते घडवलं. आत रिको कंपनीची चिप, वेग पावणेदोन मेगाहर्ट्‌झच्या आसपास, कामाची मेमरी फक्त २ किलोबाइट. आज मोबाइलवर येणारं 'सुप्रभात'चं एक गुलाबफूल त्याच्या पन्नासपट जागा खातं. आणि मूळ पुरुष म्हणतोय खरा, पण तोही पूर्ण अस्सल नव्हताच. रिकोची चिप ही अमेरिकेतल्या एमओएस टेक्नॉलॉजीच्या १९७५ सालच्या ६५०२ या स्वस्त चिपवर बेतलेली. फरक एवढाच की, दशमान पद्धतीच्या गणिताचा भाग तिच्यात बंद करून ठेवलाय. पेटंट टाळायला तसं केलं, असं जाणकार मानतात. घराण्यात नकलेचं रक्त पहिल्यापासूनच होतं म्हणायचं.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. फॅमिकॉमला कुलूप नव्हतं. दोन वर्षांनी हेच यंत्र अमेरिकेत गेलं तेव्हा निन्टेंडोने आत एक पहारेकरी चिप बसवली. कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप नसेल, तर खेळ सुरूच होणार नाही. जपानी यंत्रात ही भानगड नव्हती. साठ पितळी-सोनेरी पट्ट्या जुळल्या की खेळ सुरू. तैवानमधल्या कारखान्यांनी हे बरोबर हेरलं. युनायटेड मायक्रोइलेक्ट्रॉनिक्ससारख्या कंपनीने रिकोच्या चिपांच्या प्रतिकृती काढल्या आणि त्यांच्यावर शेकडो नावांची, शेकडो आकारांची यंत्रं निघाली. रशियात त्याचं नाव 'डेंडी' झालं. आपल्याकडे निन्टेंडोचं यंत्र 'सामुराई' नावाने आलं खरं, पण गावोगाव पोचले ते 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशी नावं घेऊन आलेले भाऊबंद, आणि ज्यांच्यावर धड नावही नव्हतं असे कितीतरी. आम्ही सगळ्यांना 'व्हिडिओ गेम' एवढंच म्हणायचो. डबीला म्हणायचो कॅसेट. पुढे कळलं की जपानी पोरंही तिला 'कासेत्तो'च म्हणतात. इंग्रजी बोलणाऱ्या जगाने कार्ट्रिज म्हटलं ते त्यांना लखलाभ.

माझं यंत्र १९९४ साली मद्रासहून आलं. मामांची भट्टी सौकारपेटेत होती, आणि तिथून चालत जाता येईल अशा अंतरावर बर्मा बाजार, परदेशी वस्तूंसाठी प्रसिद्ध. गलाईवाला गावी आला की दिवाळीला नाहीतर यात्रेला येतो, आणि हात हलवत कधी येत नाही. दुष्काळी गावात पहिला टेप, पहिला मिक्सर, पहिलं घड्याळाचं रेडिओवालं खेळणं असंच आलंय. साताऱ्यातल्या माझ्या मित्रांची यंत्रं मात्र पुण्याच्या तपकीर गल्लीतून आलेली, मोती चौकातल्या एखाद्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानामार्गे. त्यापेक्षा स्वस्त हवं असणारी माणसं जत्रेवर अवलंबून. पुसेगावला सेवागिरींच्या यात्रेत, खरसुंडीला, पालीला, फुगे आणि पिपाण्यांच्या शेजारी विटांचा खेळ मिळायचा, राखाडी पडद्याचा, हातात मावणारा. तो मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ साली रचलेल्या टेट्रिसचा नातू, हे ना विकणाऱ्याला ठाऊक होतं ना घेणाऱ्याला.

खोकं? यंत्राच्या खोक्यात आईने लोकरीचे गुंडे ठेवले. थर्माकोलचा गणपतीला मखर झाला. सीलबंद ठेवण्याचा विचार आमच्या पंचक्रोशीत कुणाच्या मनात आला असेल, असं मला वाटत नाही.

कॅसेटवर आकडा असायचा: ९९९९९९९ खेळ एकात. पहिल्या दिवशी आम्ही खरंच हिशेब घातला की रोज दहा खेळले तर किती वर्षं पुरतील. आत निघाले सहा-सात. तेच खेळ, दुसऱ्या नावाने, दुसऱ्या पातळीपासून सुरू होणारे, पानापानांवर पसरलेले. तरी तो यादीचा पडदा मला अजून आठवतो. समुद्रकिनारा, उडणारे पक्षी, आणि मागे टिवटिवणारी एक हळवी चाल. ती १९५५ सालच्या 'अनचेन्ड मेलडी' या इंग्रजी गाण्याची, हे मला तिशी ओलांडल्यावर कळलं. एका हॉटेलात ते गाणं लागलं आणि माझा अंगठा आपोआप हलायला लागला.

त्या सहा-सातांत काय काय होतं. नाम्कोचा 'बॅटल सिटी', ज्याला आम्ही 'टँक' म्हणायचो. कोनामीचे 'रोड फायटर' आणि 'सर्कस चार्ली'. निन्टेंडोचा 'एक्साइटबाइक'. आणि 'काँट्रा'साठी वेगळी कॅसेट, भाड्याने, दिवसाला दहा रुपये. काँट्रात तीस जीव मिळवायचे तर सुरुवातीला बटणांचा एक क्रम दाबायचा: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. कोनामीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांनी तो १९८६ मध्ये 'ग्रेडियस' या दुसऱ्याच खेळासाठी केला होता, कारण चाचणी घेताना त्यांना स्वतःलाच तो खेळ पार करता येईना. ही चोरवाट खेळात तशीच राहून गेली. इंटरनेट नाही, गेमचं मासिक नाही, आणि तरी साताऱ्याच्या सदाशिव पेठेतल्या आठवीतल्या पोराला तो क्रम पाठ. मला तो शेजारच्या पोराने सांगितला, त्याला कराडच्या मावसभावाने. जात्यावरच्या ओव्या अशाच गेल्या असतील एका अंगणातून दुसऱ्या अंगणात.

आणखी एक गंमत. आमचा मारिओ हळू धावायचा. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, आपल्याकडची पाल पद्धत ५० वेळा. खेळाचं घड्याळ चित्राला बांधलेलं, त्यामुळे आपल्याकडे सगळंच एक-षष्ठांशाने संथ. उडी संथ, कासव संथ, ते जगप्रसिद्ध संगीतसुद्धा विलंबित. आज यूट्यूबवर मूळ वेगातला मारिओ पाहिला की मला तो घाईत वाटतो, एसटी चुकणाऱ्या माणसासारखा.

घरच्या यंत्राला समांतर दुसरी एक शाखा होती, ती म्हणजे पार्लर. एक रुपयाचं नाणं, उभं लाकडी कपाट, आत धूर, आणि बाहेर कुणाचे तरी वडील शोधत आलेले. तिथला राजा 'मुस्तफा'. खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा, १९९३ चा. पण त्यातल्या एका पात्राचं नाव मुस्तफा, आणि भारतभर पोरांनी खेळाचं बारसं परस्पर करून टाकलं. या खेळाची एक कथा मला फार बोलकी वाटते. कॅपकॉमने नक्कल रोखायला मूळ बोर्डात कुलूप घातलं होतं. प्रोग्रॅमचा काही भाग सांकेतिक लिपीत, आणि ती उलगडायची किल्ली बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत. बॅटरी संपली की किल्ली गेली, बोर्ड निकामी. संग्राहक तिला 'आत्मघाती बॅटरी' म्हणतात. ज्यांनी वेळेवर बॅटरी बदलली नाही, त्यांचे अस्सल बोर्ड एकेक करून मुके झाले. नकली बोर्ड बनवणाऱ्यांनी मात्र नक्कल करतानाच ते कुलूप काढून टाकलेलं. त्यांना मरायला कारणच उरलं नाही. चोराने कुलूप तोडलं म्हणून घर शाबूत राहिलं, असा हा उफराटा न्याय.

वंशावळ शोधताना मला पुनःपुन्हा हेच दिसत राहिलं. टिकण्याचं श्रेय वस्तूच्या उंची दर्जाला फारसं जात नाही. जे सहज उघडता येतं, सहज नकलता येतं, तेच टिकलं. निन्टेंडोने फॅमिकॉमचं उत्पादन सप्टेंबर २००३ मध्ये थांबवलं. अमेरिकेतला अवतार धरून तोवर ६ कोटी १९ लाखांच्या आसपास यंत्रं विकली गेली होती. वीस वर्षांची पेटंटंही त्याच सुमारास संपत आली. मूळ घराणं बंद पडलं, पण दत्तक शाखा यात्रेत अजून खेळणी विकतेय. दिसायला प्लेस्टेशन, पोटात तोच १९८३ चा जीव.

पण सगळ्याच नकला टिकाऊ, असं मी म्हणणार नाही. नव्वदच्या सुरुवातीची यंत्रं उघडली की आत सुट्या, पायवाल्या चिपा दिसतात. नऊ व्होल्टचा अडॅप्टर उलटा जोडून यंत्र गेलं तर गावातला टीव्ही मेकॅनिक रेग्युलेटर बदलून, फुगलेला कपॅसिटर काढून ते उठवायचा. बटणाखालचं कार्बन रबर झिजलं तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवायचा. पुढच्या स्वस्ताईत सगळं यंत्र एका काळ्या डांबरी गोळ्याखाली गेलं. तो गोळा बिघडला की फेकून द्यायचा, दुसरा उपाय नाही. दोन हजार सालानंतरचं यंत्र कुणी जुनं म्हणून गळ्यात मारू लागलं, तर मी आधी स्क्रू काढून बघतो.

कॅसेटचं मात्र वेगळं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. मारुती चौक, हरभट रोड सगळं पाण्यात. पाणी ओसरल्यावर रस्त्याकडेला गाद्या, वह्या, फ्रीज, कपाटं यांचे ढीग. माझ्या एका सांगलीकर मित्राच्या तळमजल्यावरच्या खोलीत शेलकं सामान होतं: लग्नाची व्हीसीआरची टेप, अल्बम, जुना संगणक, आणि बुटांच्या खोक्यात अकरा कॅसेट. टेपेला बुरशी चढली, अल्बममधले चेहरे एकमेकांना चिकटले, हार्ड डिस्क गेली. कॅसेटमधून चिखल निघाला. त्याने त्या उघडल्या, साध्या पाण्याने धुतल्या, मग जुन्या ब्रशने अल्कोहोल लावून पट्ट्या घासल्या, चार दिवस पंख्याखाली ठेवल्या. नऊ चालल्या.

यात चमत्कार काही नाही. या डब्यांतल्या बहुतेक चिपा मास्क-रॉम जातीच्या. त्यांत खेळ 'साठवलेला' नसतो, चिप घडतानाच तिच्या जाळीत तो कोरलेला असतो. चुंबक त्याला पुसत नाही, वीज गेली तरी तो जात नाही. ताम्रपटावरच्या अक्षरांसारखं काम. गाणी धरून ठेवणारी फीत आणि लग्न धरून ठेवणारी व्हीसीआरची टेप ही उसनवारीची स्मरणं. खेळाची डबी तशी नव्हे, नाव कॅसेट असलं तरी. काही नकली कॅसेटमध्ये मात्र खिडकीवाली इप्रॉम चिप असते. तिच्यातला विद्युतभार वर्षांगणिक झिरपतो आणि खिडकीवरचा कागद निघाला तर उन्हातल्या अतिनील किरणांनीही ती हळूहळू पुसली जाते. मित्राच्या न चाललेल्या दोनांपैकी एक तसली होती. दुसरीला गंज.

गंजावरून आठवलं. फुंकर. कॅसेट चालेना की काढायची, हार्मोनिकासारखी ओठांशी धरायची, फुंकर मारायची, परत घालायची. जपानमध्ये, अमेरिकेत, साताऱ्यात, सगळीकडे हाच विधी, कुणी कुणाला न शिकवता. निन्टेंडो सांगत होती, फुंकू नका, तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात. बरोबरच होतं त्यांचं. खरं काम फुंकरीने व्हायचंच नाही, काढून घालताना पट्ट्या घासल्या जायच्या त्याने व्हायचं. तीस वर्षांपूर्वीच्या माझ्या श्वासाचे हिरवट डाग मामांच्या ट्रंकेतल्या त्या कॅसेटवर अजून आहेत.

दुसऱ्या बाजूला, अधिकृत वारशाची अवस्था बघा. मार्च २०२३ मध्ये निन्टेंडोने आपल्या दोन जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद केली, आणि फक्त तिथेच मिळणारे खेळ विकत घेण्याची सोय संपली. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने पाहणी प्रसिद्ध केली: अमेरिकेत निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात मिळतच नव्हते. मामांच्या भाषेत, लगडसुद्धा उरली नाही.

मग संग्रहमूल्याचं काय? मला विचाराल तर सातारा-सांगलीच्या घरांत निघणाऱ्या या डब्यांना त्या अमेरिकी लिलावांची आशा दाखवणं ही फसवणूक आहे. त्या बाजाराला अस्सल हवं, त्यातही न उघडलेलं हवं. आपल्याकडे अस्सल नव्हतं, आणि जे होतं ते आपण पिळून वापरलं. पण नकलेचे म्हणूनही आता शोधक झालेत. कुठल्या कॅसेटवर कुठला बनावट मेन्यू, कुठल्या देशातल्या यंत्रावर काय नाव, याच्या याद्या करणारी माणसं आहेत जगात, आणि ज्या मेन्यूची नोंद कुठेच नाही, तो त्यांना सापडलेल्या शिलालेखासारखा. माझ्या पिवळ्या कॅसेटमधला मजकूर एका साध्या वाचनयंत्राने मी उतरवून ठेवलाय. ६ लाख ६० हजार डॉलरच्या त्या प्रतीत काय आहे ते सगळ्या जगाला माहीत आहे. माझ्या कॅसेटमध्ये काय आहे ते ती उघडल्याशिवाय कळत नव्हतं.

त्याच ट्रंकेत बंदूकही होती, बदकं मारायची. माझं जुनं यंत्र चालू झालं, मामांच्या नातवाने दिवाणखान्यातल्या मोठ्या सपाट टीव्हीला ते कसंबसं जोडलं, बदकं उडाली, पण एकही पडेना. कारण साधं आहे. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड शोधतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर उजेड तत्क्षणी येतो. सपाट टीव्ही चित्र आधी मनात घोळवतो, मग दाखवतो. तेवढ्यात बंदुकीची वेळ संपते.

दुसऱ्या दिवशी मामा आणि मी विट्यातल्या एका भंगारवाल्याकडे गेलो. मागच्या बाजूला चौदा इंची टीव्ही रचून ठेवलेले, बहुतेकांचे मागचे डबे उघडलेले. पिक्चर ट्यूबच्या मानेभोवतीची तांब्याची कॉइल काढून घ्यायची आणि बाकीचं फेकायचं, हा त्याचा धंदा. एकच टीव्ही न फोडलेला होता. मी किंमत विचारली तर तो गोंधळला. चालू टीव्हीचा भाव त्याच्याकडे नव्हता.

मामा खाली बसले, मागच्या जाळीतून आत डोकावले, कॉइलचा अंदाज घेतला आणि तांब्याचा त्या दिवशीचा भाव विचारला. मनातल्या मनात वजन केलं. म्हणाले, "वरनं पन्नास घे. फोडायची मजुरी वाचली तुझी." टीव्ही रिक्षात ठेवला तेव्हा काच फुटू नये म्हणून त्यांनी स्वतःचं उपरणं काढून तिच्याभोवती गुंडाळलं.

संध्याकाळी, मुंग्यांच्या आवाजातून चॅनल लागलं. पहिलं बदक मामांनीच पाडलं.